बेरेलचा हेरिंग

उजव्या डोळ्यावरची पट्टी निघून चार दिवस झाले होते आणि मला सगळं नको इतकं स्वच्छ दिसायला लागलं होतं. फ्रूमाच्या हनुवटीवरचे दोन पांढरे केस दिसले, स्वयंपाकघराच्या छताचे पोपडे दिसले, आरशात एक म्हातारा दिसला, त्याच्याबद्दल तर बोलायलाच नको. डॉक्टरीणबाई म्हणाली होती, मोतीबिंदू काढला की रंग उजळ दिसतात, माणसं खूश होतात. मला त्या गुरुवारी सकाळी, आमच्या कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटात, थंड कपाटापुढे उभा असताना हेरिंग माशाच्या बरणीवरचा गोल दिसला. आम्ही ज्यू लोक दुकानात वस्तूचं नाव मागाहून वाचतो, आधी तो बारीक गोल शोधतो. रब्बींच्या मंडळाने बघून दिलेली ती खूण असली की डोळे मिटून घरी न्यायचं. गेले आठ महिने ह्याच बरणीवरचा गोल बघून मी ती दर आठवड्याला उचलत होतो. गोल होता, नाही असं नाही. पण तो रब्बींचा नव्हता. कंपनीने आपल्या नावाची नोंदणी केल्याचा तो शिक्का होता. तसला शिक्का बुटाच्या पॉलिशवरही असतो, आणि मी चाळीस वर्षं शिकागोच्या डेव्हन रस्त्यावर बुटांचं दुकान चालवलेला माणूस. बरणी फिरवून मागचं वाचलं. हेरिंग, पाणी, व्हिनेगर, साखर, कांदा, वाइन. खवले आणि पर असलेला मासा आम्हाला चालतो, कांदा चालतो, पण वाइन आमच्याच माणसाच्या हातची लागते, नाहीतर तोंडाला लावायची नाही. बरणी हातातून निसटली वगैरे नाही. उलट मी ती इतकी घट्ट धरली की बोटं दुखायला लागली. मागून एक बाई म्हणाली, "आजोबा, घ्यायचंय की नुसतं वाचायचंय?" मी बाजूला झालो. माझ्या डोळ्यांपुढे दुसरं काही नव्हतं, फक्त लेमेलचं तोंड होतं.

लेमेल अठ्ठ्याऐंशी वर्षांचा आहे. आमच्या प्रार्थनाघरात सगळे त्याला रेब लेमेल म्हणतात. तो रब्बी नाही, जन्मभर शिंपीकाम केलं, पण म्हणतात. लढाईच्या काळात तो सायबेरियातल्या छावणीत होता, तीन हिवाळे. तिथे रस्सा मिळायचा त्यात घोड्याचं मांस असायचं, कधी त्याहून वाईट काही. लेमेलने तीन हिवाळे तो रस्सा घेतला नाही. पाव, कांदा, आणि आठवड्यातून एकदा वाटायचे तो खारा हेरिंग. "त्याला खवले आहेत, पर आहेत, वर नुसतं मीठ," तो सांगायचा. "त्यात कोण काय घालणार? सगळ्या छावणीत एक हेरिंगच माझ्याशी खरं बोलत होता." शिकागोला आल्यावरही त्याने तोंड तसंच राखलं. बायको गेल्यापासून तर तो कुणाच्या घरी पाण्याशिवाय काही घेत नाही. शनिवारी प्रार्थना झाली की आम्ही मागच्या खोलीत लांब टेबलाशी जमतो. छोट्या पेल्यांतून व्हिस्की, बिस्किटं, कुणाच्या तरी बायकोने केलेला बटाट्याचा भाजलेला कुगेल. लेमेल त्यातल्या कशाला शिवत नाही. तो फक्त हेरिंग खातो, कारण हेरिंग मी आणतो. पगार नसलेलं हे पद माझ्याकडे सव्वीस वर्षं आहे आणि खरं सांगायचं तर आयुष्यात मला मिळालेलं ते एकमेव पद आहे. लेमेल ज्या तीन हिवाळ्यांत पाव चघळत होता त्या तीन हिवाळ्यांत मी टेक्सासमध्ये सैन्याच्या गोदामात बूट वाटत होतो. नऊ नंबर, दहा नंबर, पुढचा. डुकराचं मांस सोडून सगळं खात होतो, आणि एकदा तेही. लेमेलच्या बशीत हेरिंगचा तुकडा ठेवताना मला दर शनिवारी वाटायचं की त्या गोदामातला एखादा दिवस फिटतोय.

माझी चूक डोळ्यांची होती असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण ती झोपेची होती. डेव्हनवरच्या पिन्येचं मासळीचं दुकान मार्चमध्ये बंद झालं. पिन्ये मुलीकडे फ्लोरिडाला गेला, जाताना हेरिंगच्या पिंपाचं झाकण मला देऊन गेला, आठवण म्हणून, त्या झाकणाचं मी काय करणार होतो देव जाणे. त्याच्या दुकानाच्या जागी आता साड्या आहेत, छान आहेत, फ्रूमा काचेतून बघत उभी राहते. पिन्ये गेल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी मी ठरवलं होतं की दोन बस बदलून स्कोकीला जायचं, तिथे आमच्या लोकांचं मोठं दुकान आहे. जेवलो, जरा आडवा झालो, आणि उठलो तेव्हा साडेतीन वाजले होते. बाहेर गारा. सूर्य मावळायच्या आत हेरिंग प्रार्थनाघरातल्या फ्रिजमध्ये पोचला पाहिजे, मग शब्बाथ लागतो, मग काही उचलता येत नाही. मी कोपऱ्यावर धावलो. काचेत बरण्या होत्या. गोल दिसला. घरी आलो, बरणी ओतली, तुकडे नळाखाली तीनदा धुतले, नवा कांदा चिरला, तमालपत्र, मिरी, ताजं व्हिनेगर, चिमूटभर साखर, आणि सगळं पिन्येच्या जुन्या डब्यात भरलं. दुसऱ्या दिवशी लेमेलने पहिला तुकडा तोंडात घातला, डोळे मिटले आणि म्हणाला, "नोखेम! हा कुठून आणलास? पिन्येपेक्षा चांगला आहे." टेबलाशी बसलेल्या अकरा माणसांनी माझ्याकडे पाहिलं. अकरा माणसांनी कौतुकाने माझ्याकडे एकदम पाहिल्याचं मला लग्नानंतर आठवत नाही. मी म्हणालो, "मिलवॉकीत एक माणूस आहे. पिन्येचा मावसभाऊ. बेरेल."

एवढंच म्हणून गप्प बसायचं होतं. पण पुढच्या शनिवारी कुणीतरी विचारलं, "काय म्हणतोय तुझा बेरेल?" आणि मी सांगितलं की त्याचं गुडघ्याचं दुखणं बळावलंय. त्याच्या पुढच्या शनिवारी मी त्याला एक तळघर दिलं, तळघरात तीन पिंपं दिली. मग एक बायको दिली, आणि ती फार प्रश्न उभे करायला लागली म्हणून मे महिन्यात तिला वारलेली करून टाकली. मुलं दिली नाहीत. मुलं म्हणजे नावं आली, शाळा आल्या. एक पुतण्या सुद्धा नको, अगदी एकटा जीव. मला सांगायला लाज वाटते, पण बसमध्ये बसलो की मी बेरेलचा विचार करायचो. तो तळघराच्या पायऱ्या एकेक उतरताना मला दिसायचा, भिंतीला हात धरून. माझा सख्खा भाऊ डेट्रॉइटला आहे, त्याच्या घराच्या पायऱ्या कशा आहेत मला आठवत नाही. लेमेल दर वेळी म्हणायचा, "त्याला सांग, रेब लेमेलने दुवा दिलाय." मी म्हणायचो, सांगतो. आणि मला चक्क वाटायचं की सांगितलं पाहिजे.

त्या गुरुवारी घरी येऊन मी फ्रूमाला सगळं सांगितलं. ती टेबलाशी बसून वाटाणे सोलत होती. तिने वाटाणे बाजूला सारले.

"कुठली सुरी?" ती म्हणाली.

"काय?"

"कुठल्या सुरीने कापत होतास आठ महिने? माझ्या? त्या काळ्या मुठीच्या?"

"फ्रूमा, इथे रेब लेमेलचा प्रश्न आहे."

"आणि माझं स्वयंपाकघर काय धर्मशाळा आहे? मला वाटलं स्कोकीहून आणून वरून कांदा घालतोस. बरण्या कुठे टाकत होतास?"

"कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या पेटीत."

"म्हणजे तुला ठाऊक होतं," ती म्हणाली. "गोल बरोबर होता तर बरणी घरच्या कचऱ्यात टाकायला तुझं काय गेलं असतं?"

तिने मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, सुरी, चमचे, डबा, सगळं शुद्ध करायला त्यात बुडवायला काढलं, आणि मी तिथे वाफेत उभा राहिलो. ती म्हणाली ते खरं होतं की काय, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. बरण्या मी लपवत होतो कारण बेरेल खोटा होता, गोलामुळे नव्हे. पण धुक्यातून दिसणाऱ्या त्या गोलाकडे मी एकदाही बरणी जवळ घेऊन, उजेडात धरून पाहिलं नव्हतं. स्वतःच्या खिशातला चष्मा काढला नव्हता. ज्या माणसाला बघायचं असतं तो बघतो. मी बघायचं टाळलं असेन, आणि तेही मला न कळता, इतक्या सफाईने. ह्या विचाराने मला घाम फुटला.

आमचे रब्बी तरुण आहेत, तिशीतले, नाव योनातन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दाढी ओढली. वाइन किती, एकूणात किती, तुकडे धुतले का, किती वेळा, असं सगळं विचारलं. मग म्हणाले, "तीनदा धुतलेत ना? मग कायद्याला त्यातून वाट काढता येते. झालं ते झालं. आता नीट हेरिंग शोधा."

"आणि रेब लेमेलना?"

"त्यांना सांगू नका."

"पण रब्बी..."

"सांगून त्यांचं काय भलं होणार? तुमचं होईल. तुम्ही हलके व्हाल आणि ते ओझं अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या डोक्यावर जाईल. नोखेम, हे तुम्हीच वाहा. हीच तुमची शिक्षा समजा." माझ्या मुलाच्या वयाचा माणूस, पण त्याने बरोबर ओळखलं होतं की मी शिक्षा मागायला आलोय, आणि त्याने मला नको असलेली तीच नेमकी दिली.

त्या शनिवारी डोळ्याचं निमित्त करून मी घरीच राहिलो, मग हेरिंग शोधायला लागलो, आणि असा शोधला की जणू चांगला सापडला तर मागचे आठ महिने पुसले जाणार होते. स्कोकीच्या दुकानात गोल होता, खरा, पण मासा साखरेत इतका बुडवलेला की तो लहान मुलाच्या वाढदिवसाला ठेवावा. क्लार्क रस्त्यावर स्वीडिश लोकांचं दुकान आहे, तिथली पोरगी निळा ॲप्रन लावून हसली, शेपू आणि मोहरी घातलेल्या सात प्रकारच्या बरण्या तिने मांडल्या, दिसायला देखण्या, गोल एकीवरही नाही. रशियन दुकानातला पिशवीत बंद केलेला मासा बोटाने दाबला तर लोण्यासारखा बसला. सरोवरावरून वारा येत होता, नवीन डोळ्यातून पाणी गळत होतं, बसमधली माणसं मला रडतोय समजून जागा देत होती, आणि मी ती घेत होतो. शेवटी शिकागोतल्याच मिलवॉकी ॲव्हेन्यूवर एका पोलिश दुकानात शिरलो. आत सॉसेजच्या माळा टांगलेल्या, त्या वासाने मी नाक धरलं आणि तोंडाला पाणीही सुटलं, दोन्ही एकदम. कोपऱ्यात लाकडी पिंप होतं. दुकानवाली बोझेना, दंडाने माझ्या दुप्पट, म्हणाली, "बघा हात घालून. अख्खा आहे, डोक्यासकट. मिठाशिवाय काही नाही." मी बाही वर केली. थंड, खारं पाणी कोपरापर्यंत आलं. मासा वर काढून दिव्याखाली धरला. खवले होते, पर होते, एकेक मोजता यावा इतके स्पष्ट. असा मासा अख्खा, खवल्यांसकट डोळ्यांनी पाहिला की शिक्क्याची गरज नाही, हे रब्बींनी मला सांगितलं होतं. बोझेना म्हणाली, "पूर्वी तुमच्यातले म्हातारे खूप यायचे. वास घेऊन भांडायचे. तुम्ही भांडत पण नाही." मी सहा घेतले. घरी ते बादलीत दोन दिवस भिजत घातले, सहा-सहा तासांनी पाणी बदललं, पोट साफ केलं, कातडी सोलली, काटे चिमट्याने काढले. सगळ्या जिन्यात, घरभर वास होता. वरच्या मजल्यावरची बाई तक्रार घेऊन आली तर फ्रूमाने तिला दारातूनच परतवलं. "माझा नवरा पाप धुतोय, थोडा वास येणारच," ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी मी लेमेलच्या बशीत तुकडा ठेवला तेव्हा मी खुळा मनात म्हणत होतो, हा खरा आहे, रेब लेमेल, हा खरा. त्याने चावला. हळूहळू चावला. बिस्किटाचा तुकडा तोडला.

"हा बेरेलचा नाही," तो म्हणाला.

"तोच... म्हणजे जरा वेगळा..."

"चांगला आहे. पण बेरेलचा नाही. बेरेलचा गोडसर होता, मऊ. काय झालं? भांडलास त्याच्याशी?"

टेबलाशी सगळे माझ्याकडे बघत होते. मला वाटलं आता प्रत्येक शनिवारी हा प्रश्न येणार, प्रत्येक शनिवारी गुडघा, तळघर, पिंपं. मला ह्या बेरेलपासून सुटका हवी होती. मी म्हणालो, "बेरेल गेला." तोंडातून शब्द बाहेर पडल्यावर क्षणभर छातीत थंड, मोकळं वाटलं, ते मला अजून आठवतं आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त शरम वाटते.

सगळ्यांनी हातातले पेले खाली ठेवले. "खऱ्या न्यायाधीशाचा जयजयकार असो," असं सगळे पुटपुटले, मेल्याची बातमी ऐकली की म्हणायचं ते. मीही म्हणालो.

"कधी?" लेमेलने विचारलं.

"मंगळवारी. हृदय."

"मुलं तर नव्हती त्याला."

"नव्हती."

"मग कद्दिश कोण म्हणतंय?"

मेलेल्या माणसासाठी त्याचा मुलगा अकरा महिने रोज ती प्रार्थना म्हणतो, दहा पुरुषांच्या समोर, उभं राहून. मुलगा नसला तर कुणीतरी म्हणायची. मी काहीतरी बोललो, मिलवॉकीत बघतील, असं. लेमेलने मान हलवली. "बघतील म्हणजे कुणी बघणार नाही. नाव काय, बेरेल. बापाचं नाव?"

माझ्या डोक्यात एकही नाव नव्हतं, जगातला एकही माणूस नव्हता. "हाइम," मी म्हणालो.

"बेरेल बेन हाइम," लेमेल झेलिगला म्हणाला. झेलिग आमच्या प्रार्थनाघराची वही सांभाळतो. "आज शब्बाथ, रविवारी लिही. आठ महिने ह्या माणसाने मला जेवू घातलं. एका तुकड्यालाही मला शंका घ्यावी लागली नाही. मी म्हणेन त्याचं कद्दिश."

डॉक्टरने लेमेलला हिवाळ्यात रोजच्या सकाळच्या प्रार्थनेला यायला मना केलं होतं, तो फक्त शनिवारी यायचा. रविवारपासून तो रोज यायला लागला. डिसेंबरची सकाळ, साडेसहा, अजून दिवे जळतायत, आणि फुटपाथच्या बर्फावरून एक काठी टक टक करत येतेय. तीन चौक. मी दुसऱ्या दिवसापासून त्याला आणायला जायला लागलो, दुसरं काय करणार? तो म्हणायचा, "तुला बेरेलची फार माया होती रे." प्रार्थनेच्या शेवटी तो टेबलाला धरून उभा राहायचा, पाय थोडे फाकून, आणि म्हणायचा. त्याचा आवाज म्हातारा नाही. आणि आम्ही नऊ जण आमेन म्हणायचो. बहुतेक दिवशी आम्ही जेमतेम दहाच असतो. मी नसतो तर कद्दिश झालंच नसतं. म्हणजे नसलेल्या माणसासाठी तो म्हणत होता, आणि म्हणता यावं म्हणून मी तिथे होतो. पहिले काही दिवस मी नुसते ओठ हलवले. मग वाटलं हे तर आणखी वाईट, तो देवाची स्तुती करतोय, तिला कसं नाकारायचं? मग मोठ्याने म्हणायला लागलो. दुपारी जेवताना मी ताट अर्ध्यावर सारायचो. फ्रूमा म्हणायची, "सांगून टाक." मग लगेच म्हणायची, "नको सांगूस, मरेल तो." मी रब्बींकडे पाहिलं की ते दुसरीकडे बघायचे. त्यांनी बेरेलचं काही ऐकलंच नव्हतं माझ्याकडून, मी तेवढं गाळलं होतं, पण माझे आठ महिने आणि बेरेलचे आठ महिने जुळवायची आकडेमोड त्यांना करता येत होती.

एकोणिसाव्या दिवशी लेमेल पडला. परतीच्या वाटेवर, दुसऱ्या चौकात, माझा हात धरलेला असताना. आधी माझाच पाय सरकला आणि मी त्याला घेऊन खाली गेलो. टोपी उडाली, कपाळाला खरचटलं, एक पातळ रक्ताची रेघ भुवईपर्यंत आली. मी त्याला बसथांब्याच्या बाकावर बसवलं, रुमाल लावला. तो हसत होता. "काही नाही, काही नाही. बेरेलला सांगू या हं, तुझ्यापायी डोकं फुटलं." आणि मला ते सहन झालं नाही. रब्बींनी सांगितलेलं सगळं आठवत होतं, ओझं कुणाच्या डोक्यावर जाईल ते समोर दिसत होतं, त्याच डोक्यावर मी रुमाल धरला होता. तरी मी बोललो. झोप, गारा, बरणी, गोल. सगळं सांगितलं. बोलताना मला रडू येत होतं आणि बरं वाटत होतं.

मी थांबल्यावर तो म्हणाला, "वाइन होती?"

"होती. पण मी धुतलं होतं, रब्बी म्हणतात कायद्याने..."

"आणि बेरेल?"

"नव्हताच कधी."

एक बस आली, दार उघडलं. ड्रायव्हरने आमच्याकडे पाहिलं, दार मिटलं, बस गेली. मला वाटत होतं तो ओरडेल. काठी उगारेल. मी त्याची वाट बघत होतो.

"मला भाऊ होता," लेमेल म्हणाला. तीस वर्षं मी त्याला ओळखतो, भावाचं नाव मी ऐकलं नव्हतं. "योसल. माझ्याहून चार वर्षांनी धाकटा. एकाच बराकीत होतो आम्ही. पहिल्या हिवाळ्यात त्याने तो रस्सा प्यायला. मी त्याला म्हटलं, आजपासून तू माझा कुणी नाहीस. तो रोज माझ्या फळीशी येऊन उभा राहायचा. लेमेल, एक शब्द बोल, एकच. मी भिंतीकडे तोंड करायचो. मार्चमध्ये तो गेला."

"रेब लेमेल..."

"थांब. जीव वाचवायला खाल्लं तर पाप नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. कायदा त्याच्या बाजूने होता. कद्दिश नाही म्हटलं मी त्याचं. पन्नास वर्षं झाली. कधी त्याची आठवण आली की मी म्हणायचो, ठीक आहे लेमेल, भाऊ गेला, पण हे तोंड राहिलं." तो बोटांनी आपल्या ओठांना शिवला, दुसऱ्या कुणाचे असावेत तसा. "आणि नोखेम, मला कळलंसुद्धा नाही रे. मला आवडला तो. मी दर वेळी अजून एक तुकडा मागून घेत होतो."

मी त्याला घरी सोडलं. जिना चढताना त्याने माझा हात घेतला नाही, कठडा धरला. मी खाली उभा राहून त्याच्या पावलांचा आवाज ऐकत होतो. मी हलका झालो होतो, रब्बी म्हणाले होते तसा. मी त्या माणसाकडून त्याचं जे होतं नव्हतं ते काढून घेतलं होतं आणि बदल्यात मला छान वाटत होतं. घरी जाऊन मी फ्रूमाला सांगितलं तेव्हा ती पाठ फिरवून भांडी लावत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या दाराशी गेलो नाही, हिंमत झाली नाही. थेट प्रार्थनाघरात गेलो. मला धरून नऊ माणसं होती. तो येणार नाही अशी माझी खात्री होती, आणि तो आला तर काय बोलेल याची भीती. काठीचा आवाज आला. कपाळावर पट्टी होती. कुणाकडे न बघता तो आपल्या जागी बसला. शेवटी वेळ झाली तेव्हा सगळे थांबले, आणि त्यालाही उठायला जरा वेळ लागला, पण तो टेबलाला धरून उठला आणि त्याने म्हटलं. रोजच्यापेक्षा हळू म्हटलं. मधे एका शब्दावर अडला, सावरला. आम्ही आमेन म्हणालो.

झेलिगने वही उघडली. "बेरेल बेन हाइम, विसावा दिवस."

"ते नाव खोड," लेमेल म्हणाला. "मिलवॉकीत त्याची माणसं निघाली. एक पुतण्या आहे, तो म्हणतोय."

"असं? कुणी सांगितलं?"

"नोखेमने. काल."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ह्या माणसाने छावणीतल्या अधिकाऱ्याशीसुद्धा खोटं बोलायचं नाकारलं होतं, ती गोष्ट इथल्या प्रत्येकाला पाठ होती, आणि आता तो सरळ, स्वच्छ आवाजात बोलत होता.

"मग आजचं कुणाचं?" झेलिगने विचारलं.

"माझ्या भावाचं. लिही. योसल बेन शिमेन."

"तुम्हाला भाऊ होता?"

"होता."

"तारीख?"

"ठाऊक नाही. म्हणून रोज."

झेलिगने लिहिलं. मग माझ्याजवळ येऊन त्याने माझा हात दाबला. "बरं केलंस हं नोखेम, चौकशी केलीस. बिचारा बेरेल." मी तो हात घेतला. बाहेर पडलो तर लेमेल पायरीवर उभा होता, बर्फाकडे बघत. मी हात पुढे केला. त्याने धरला. तीन चौक आम्ही बर्फ चुकवत चाललो. त्याच्या दाराशी पोचल्यावर त्याने हात सोडला, किल्ली शोधली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या पुतण्याचं नाव काहीतरी ठरवून ठेव. झेलिग विचारणार."

तो आत गेला. मी बर्फात उभा राहिलो, आणि देवा, नाव शोधायला लागलो.